दम खाणं

माझं काम सातव्या अडथळ्यापाशी बसायचं.
दांडा पडला की उठायचं, उचलून खाचेत ठेवायचा,
पुन्हा बसायचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत.
हे प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं,
दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

खाच उथळ असते, बशीएवढी.
दांडा निळा-पांढरा, साडेतीन मीटरचा.
खुराचा नुसता वारा लागला तरी घरंगळतो
आणि चार गुणांबरोबर कुणाची तरी चार वर्षं जातात.
मी ते मोजत नाही. मी दांडा पुसतो.

उकाड्यामुळे स्पर्धा रात्री.
खाडीवरून वारा येईल म्हणाले होते; आला नाही.
दिवे इतके की एकेका घोड्याला चार सावल्या,
झाडांतले सिकाडा दिवस समजून ओरडत राहिले.
वाळू पांढरी, चाळून आणलेली.
पहिल्या दिवसापासून मला ती बर्फासारखी वाटत होती,
पण अडुसष्टाव्या वर्षी असलं काही कुणाला सांगू नये.

ओबिहिरोला आमचा एक घोडा होता, हामानासु.
हजार किलोचा, खुरांवर केसांचे झुपके.
वडील त्याला शर्यतीत लोखंडी घसरगाडीला जुंपायचे.
दोनशे मीटर, दोन चढ, मागे अर्ध्या टनाचं ओझं.
तिथे सुसाट कुणी सुटत नाही.
दुसऱ्या चढाच्या पायथ्याशी सगळे घोडे थांबतात,
नाकपुड्यांतून वाफ,
आणि त्यांच्याबरोबर अख्खं मैदान थांबतं, हूं की चूं नाही.
जो घाईने निघतो तो अर्ध्या चढावर बसतो, वडील म्हणायचे,
दम खाता आला पाहिजे.
त्यांना तो घरी कधी खाता आला नाही, ती गोष्ट वेगळी.

अठरावी घोडी कलांद्रिया, उरुग्वेची.
करडी, कानांवर विणलेली टोपी.
तिची स्वार ग्राझिएला ओतेगी काल तबेल्यापाशी दिसली होती,
अनवाणी, बादलीत बर्फ ओतताना,
घोडीशी सारखं काहीतरी बोलत,
किराणा मालाची यादी वाचावी त्या सुरात.

सहापर्यंत एकही दांडा हलला नाही.
सहा ते सात, पाच ढांगा. मी मोजत होतो.
चार झाल्या.
पाचवी आलीच नाही.

घोडी माझ्यापासून दोन हातांवर उभी,
छाती दांड्याला टेकेल न टेकेल,
मागे वाळूत लांब ओरखडे.
प्रेक्षक चुकचुकले, हजारो जिभा एकदम.
फलकावर चारचा आकडा चढला.
इथल्या नियमात याला नकार म्हणतात.

तिचा श्वास माझ्या बाहीवर आला,
गरम, ओल्या गवताचा.
ती नाही म्हणत नव्हती.
ती पायथ्याशी होती.

मी उठलो.
का, ते अजून सांगता येत नाही.
दांडा जागेवरच होता, उचलायला काही नव्हतं,
हात मात्र पुढे झालेले.
मियाउची बाईंनी लांबून तळवा खाली केला, बसा.
मी लगेच बसलो नाही.

ओतेगीने चाबूक उगारला नाही.
लगाम सैल सोडला, मानेवर हात ठेवला,
आणि घड्याळ पळत असताना
तिने यादीतली दोन-तीन नावं वाचली असावीत.
मग वळसा घेतला, आली.
चार. पाच.
पोट माझ्या डोळ्यांवरून गेलं, पट्ट्याची कड, टाचेचं चकाकणं,
आणि मूठभर वाळू माझ्या कॉलरमध्ये.
दांडा खाचेत गप्प.

तिचा नंबर चाळिसाव्याच्या पुढे कुठेतरी लागला.
जिंकलं कोण, ते मला शेवटच्या बसमध्ये
पुढच्या बाकावरच्या बोलण्यातून कळलं.
फुसाए जागी असेल, विचारेल, म्हणून नाव पाठ केलं.

स्टेशनच्या पुलावर बाराव्या पायरीशी मी थांबलो.
मागचा मुलगा क्षणभर थबकला,
मग बाजूने वर गेला.
वाळू पाठीवरून हळूहळू खाली उतरत होती.
थंड नव्हती.